दहा जमत नाहीत, तरी सहाशेचं ठरवू का?

वाचक लिहितात:

'मी सांगलीत राहते. वय 43, सहकारी बँकेत नोकरी. लॉकडाऊननंतर सायकल चालवायला लागले आणि गेल्या हिवाळ्यात 200 किलोमीटरची पहिली बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची सायकल राइड, केली. साडेतेरा तासांची मुदत होती, चाळीस मिनिटं राखून पोचले. इतका आनंद मला फार कमी वेळा झालाय. ग्रुपवर फोटो टाकला, दिवसभर अभिनंदन चाललं होतं. आणि त्यानंतर सायकल हळूहळू सुटलीच. "रोज दहा किलोमीटर" असं ठरवते, चार दिवस होतं, पाचव्या दिवशी खंड पडतो. सायकल गॅलरीत आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात.

मनात मात्र भलतंच आहे. एका सीझनमध्ये 200, 300, 400 आणि 600 पूर्ण करून सुपर रँडोनियर व्हायचं. जमलं तर त्याच्याही पुढे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली 1200 किलोमीटरची राइड. मिस्टरांना अर्धवट सांगून बघितलं, ते म्हणाले, "आधी रोजचे दहा तरी होऊ देत." मैत्रीण म्हणते, अंथरूण पाहून पाय पसरावेत. मुलगी यंदा दहावीत आहे, त्यामुळे सासूबाईंपुढे विषय काढायची सोयच नाही.

जिला दहा जमत नाहीत तिनं सहाशेचं ठरवावं का? आणि मुलीच्या दहावीच्या वर्षी स्वतःचं असं काही ठरवणं स्वार्थीपणाचं आहे का?'

ताई,

सहाशेचं ठरवा. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं ऐकायला अगदी रास्त वाटतं: आधी दहा, मग वीस, मग पुढचं. पण तुमच्याच पत्रात त्याच्या उलट पुरावा आहे. ज्या बाईला रोजचे दहा जमत नाहीत, तिनंच 200 पूर्ण केलेत. त्या 200 च्या आधीचे दोन-तीन महिने तुम्ही पहाटे उठतच होतात ना? तेव्हा 'मूड नाही' हा प्रश्न फारसा आला नसणार, कारण समोर तारीख होती. 'रोज दहा'ला तारीख नाही, शेवट नाही, आणि एक दिवस चुकला तर काहीच बिघडत नाही. ज्याच्या चुकण्यानं काही बिघडत नाही ते पाचव्या दिवशी सुटतंच, त्यात तुमच्या जिद्दीचा दोष मला दिसत नाही. ते ध्येय तुमच्यासाठी फार लहान होतं, एवढंच.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बीआरएम ही शर्यत नाही. तिथं पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या रस्त्यानं, ठरलेल्या मुदतीत, बाहेरची मदत न घेता अंतर पूर्ण करायचं. 200 ला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. वाटेत कंट्रोल, म्हणजे हजेरी नोंदवायची ठिकाणं, असतात आणि प्रत्येक कंट्रोलची उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ ठरलेली असते. तिथं कार्डावर शिक्का किंवा सही घ्यायची. जिथं माणूस उभा करता येत नाही तिथं एटीएमची पावतीसुद्धा पुरावा म्हणून चालते, कारण तिच्यावर ठिकाण आणि वेळ छापलेली असते. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी हे जगभर चालतं. आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया ते बघते आणि गावोगावचे क्लब प्रत्यक्ष राइड घेतात. 1 नोव्हेंबर ते 31 ऑक्टोबर हा सीझन. त्यात चारही अंतरं झाली की सुपर रँडोनियर. एकूण 1500 किलोमीटर.

आता मोठ्या ध्येयाबद्दल. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर आयुष्यभर काम केलंय. लॅथम यांचा 1975 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास अमेरिकेत लाकूड वाहून नेणाऱ्या ट्रकचालकांवरचा आहे. कायद्यानं जेवढं वजन भरायची मुभा होती, त्याच्या साधारण 60 टक्केच माल भरला जायचा. 'जमेल तेवढा भरा' असं सांगून काही फरक पडला नव्हता. मग त्यांना 94 टक्के असा नेमका आकडा दिला. त्यासाठी जादा पैसे नव्हते की दंडही नव्हता. काही महिन्यांत भार 90 टक्क्यांच्या आसपास जाऊन पोचला. चालक तेच आणि ट्रकही तेच होते. नेमकं आणि अवघड ध्येय हे 'जमेल तेवढं करा'पेक्षा माणसाकडून जास्त करून घेतं, हे नंतरच्या कितीतरी अभ्यासांत दिसलंय. मात्र त्याला अटी आहेत. ध्येय माणसानं मनापासून स्वीकारलेलं हवं, ते पेलायची कुवत हवी, आणि आपण कुठवर आलो हे वेळोवेळी कळायला हवं.

स्वीकारलंय का, हा प्रश्न तुमच्या बाबतीत मी विचारतच नाही. वर्षभर जे कुणाला धड न सांगता मनात राहिलंय ते स्वीकारलेलंच आहे. कुवतीचा हिशेब मात्र करू या, कारण तिथं तुमची मैत्रीण अडलीय आणि तिचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही.

तुम्ही 12 तास 50 मिनिटांत 200 केलेत. म्हणजे थांबे धरून ताशी साडेपंधरा किलोमीटर. याच गतीनं 600 ला साडेअडतीस तास लागतील आणि झोपायला जेमतेम दीड तास उरेल. एवढ्यावर दोन दिवस आणि मधली अख्खी रात्र निघत नाही. पण जरा आठवून बघा, त्या दिवशी तुम्ही एकूण किती वेळ बसला होतात? चहा, मिसळ, फोटो, घरी फोन, ओळखीचं कुणी भेटलं म्हणून पुन्हा चहा. पहिल्या 200 मध्ये दोन-अडीच तास असे सहज जातात. तुमचे अडीच तास गेले असतील, तर प्रत्यक्ष सायकलवर तुम्ही ताशी साडेएकोणीसच्या आसपास होतात. त्या गतीनं 600 म्हणजे 31 तास. मुदत 40 तासांची. उरले 9 तास. त्यात तीन तास झोप, जेवणं, एखादं पंक्चर, सगळं बसतं.

म्हणून सायकलिंगच्या ग्रुपवर लोक ज्याच्या मागे असतात त्या वेगाच्या मागे तुम्ही लागू नका. थांबे आवरा. कंट्रोलला पोचायच्या आधीच मनाशी यादी करा: शिक्का, पाणी, खाणं, टॉयलेट, निघा. खाणं शक्यतो सायकलवर, दर अर्ध्या-पाऊण तासानं थोडं थोडं. केळी, चिक्की, खजूर, शेंगदाण्याचा लाडू, भिजला तरी चालेल असं काहीही. भूक लागल्यावर खायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो. जड जेवून पुन्हा सॅडलवर बसलं की पुढचा तासभर पाय चालत नाहीत आणि झोप येते, रात्री तर हमखास. उन्हात नुसतं पाणी पीत राहू नका, ओआरएस सोबत ठेवा.

सरावाचं वेळापत्रक मी तुमच्या नोकरीकडे बघून सुचवते. आठवड्यात दोनदा बँकेच्या आधी तास-सव्वा तास, आणि रविवारी मोठी राइड. सांगली-जयसिंगपूर-कोल्हापूर आणि परत हे शंभराच्या आसपास होतं. सुरुवातीला पंधरवड्यातून एकदा तेवढं पुरे. चढासाठी मिरजेपलीकडे दंडोबाचा डोंगर आहे. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार असे सलग दोन दिवस बाहेर पडा, दोन्ही दिवशी ऐंशी-शंभर. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या अंगानं सॅडलवर पुन्हा बसणं ही वेगळीच गोष्ट आहे. 600 ची खरी परीक्षा तिथं असते, आणि घाटांना माणसं उगाच घाबरतात.

एक रविवार चुकला तर काय करायचं तेही आधीच लिहून ठेवा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांचं यावर बरंच काम आहे: नुसता संकल्प करण्यापेक्षा 'असं झालं तर मी असं करीन' हे आधी ठरवलेलं असेल तर माणूस ते जास्त वेळा पाळतो. तुमच्या घरात ते असं असेल: मुलीचा अभ्यास लांबला आणि झोपायला बारा वाजले, तर सकाळी सायकल नाही, संध्याकाळी बँकेतून आल्यावर एक तास. महिनाअखेरीला उशिरापर्यंत थांबावं लागलं, तर त्या आठवड्यात फक्त रविवार. अशी चार-पाच वाक्यं पुरेत. म्हणजे पाचव्या दिवशी खंड पडला तरी सहाव्या दिवशी सगळं मोडल्यासारखं वाटत नाही.

आता रात्रीबद्दल, कारण 200 दिवसाउजेडी होते आणि 400 होत नाही. रात्री सायकल कशी चालवायची हे तुम्हाला अजून माहीत नाही. जी गोष्ट अजून शिकायची आहे तिथं वेळेचं ध्येय ठेवू नये, शिकण्याचं ठेवावं. लॅथम यांच्याच पुढच्या कामात हे आलंय: कौशल्य नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर निकालाचा आकडा डोक्यावर असलेला माणूस गडबडतो. तेव्हा 300 आणि 400 साठी 'इतक्या तासांत' असं काही मनात आणू नका, मुदत आहे तेवढी पुरे. ठरवा ते असं: पहाटे तीन ते पाच या वेळात माझं काय होतं ते बघायचं. कुठला दिवा किती तास चालतो, किती थंडी वाजते, चहानं झोप जाते की वीस मिनिटं डोळे मिटूनच जाते, अंधारात उताराची भीती वाटते का. हे 400 ला कळलेलं असलं की 600 ला नवीन काही उरत नाही.

बाई म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. 400 साठी नाव नोंदवायच्या आधी तुमच्या गतीची सोबत नक्की करा. तुमच्या आसपासच्या वेगानं चालवणारं कुणी ना कुणी क्लबमध्ये सापडतं. दोघींनी किंवा तिघांनी मिळून काढलेली रात्र सोपी जाते, घरच्यांनाही झोप लागते. पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नियमानं लागतंच, पण दिव्यांचा एक जादा संच सोबत ठेवा. आणि सीझन सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब तपासून घ्या, हृदयाची तपासणी लागेल का तेही विचारा. चाळिशीनंतर बायका दमायला लागल्या की 'वय झालं' म्हणून सोडून देतात, आणि कितीतरी वेळा ते लोहाची कमतरता असते. त्याचबरोबर सायकल सर्व्हिसिंगला टाका. वर्षभर उभ्या सायकलचे टायर आणि ब्रेक पॅड बघितल्याशिवाय महामार्गावर जायचं नाही.

तुमच्या पत्रातलं आणखी एक वाक्य माझ्या मनात राहिलं: ग्रुपवर फोटो टाकला, दिवसभर अभिनंदन चाललं होतं, आणि त्यानंतर सायकल सुटली. या दोन्हींचा संबंध आहे असं मला वाटतं. गोल्विट्झर यांच्याच 2009 मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं की ज्यांच्या इराद्याची दुसऱ्यांनी दखल घेतली, त्यांनी त्या दिशेनं प्रत्यक्षात कमी काम केलं. वाहवा मिळाली की मनाला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. म्हणून या वेळी ग्रुपवर काही जाहीर करू नका. तीन माणसांना सांगा: मिस्टर, सोबत चालवणारी मैत्रीण, आणि क्लबमधलं एक जाणतं माणूस. हे तिघं दर रविवारी विचारतील, 'आज किती झाले?' अभिनंदनापेक्षा तुम्हाला तो प्रश्न जास्त उपयोगी पडेल.

आणि 200 संपल्यावर पुढची तारीख नव्हती, हे दुसरं कारण. मोठं काही पूर्ण झालं की पोकळी येते, फार जणांना येते. या वेळी 200 ला उभं राहायच्या आधीच 300 चं नाव नोंदवून टाका.

राहून गेलं तर? कंट्रोल बंद व्हायला दहा मिनिटं असताना तुम्ही अजून आठ किलोमीटर मागे असाल, असं होऊ शकतं. वारा असतो, पोट बिघडतं, टायर फाटतो. कार्डावर डीएनएफ, म्हणजे 'राइड अपूर्ण' असा शेरा, लागला की त्या सीझनमधलं त्याच अंतराचं दुसरं ठिकाण शोधायचं, आधीची पूर्ण झालेली अंतरं जात नाहीत. नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांना अमेरिका आडवी पार करणारी रॅम ही शर्यत 2016 मध्ये अर्ध्यावर सोडावी लागली होती. सुमारे 4800 किलोमीटर, बारा दिवसांची मुदत. 2017 मध्ये ते पुन्हा गेले आणि ती एकट्यानं मुदतीत पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ हेही ती पूर्ण करून आले. दोघांची झेप आपल्यापेक्षा कितीतरी मोठी, मान्य. पण न जमलेल्या पहिल्या खेपेनं गोकुळनाथ यांची कुवत ठरली नाही, तशीच तुमचीही एका डीएनएफनं ठरणार नाही.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस मात्र सध्या बाजूला ठेवा. 1891 पासूनची राइड आहे, 1200 किलोमीटर, जास्तीत जास्त 90 तास, चार वर्षांतून एकदाच. 2019, 2023 आणि मग 2027. त्या वर्षी पुन्हा चारही अंतरं करून पात्र व्हावं लागतं आणि खर्च लाखांत जातो. 2019 मध्ये समोरून येणारा वारा आणि थंड रात्री यांनी आपल्याकडच्या अनेक अनुभवी मंडळींना वाटेत थांबवलं होतं. तुमचं स्वप्न खोटं आहे असं मी म्हणत नाही, ते वहीच्या शेवटच्या पानावर राहू दे. पण त्याचा विचार करत बसण्यात एक धोका आहे: ते इतकं लांब आहे की त्यासाठी येत्या रविवारी उठावंच लागत नाही. 600 साठी उठावं लागतं. माझ्या लेखी ध्येय किती मोठं असावं याची मर्यादा हीच, की त्याचं काम याच आठवड्यात निघालं पाहिजे.

आता मुलीचं. हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तो तुम्ही शेवटी विचारलात.

स्वार्थीपणा नाही. दहावीच्या मुलीला घरात शांतता लागते, वेळेवर जेवण लागतं, अडलं तर बोलायला माणूस लागतं. रविवारी सकाळी सहा ते अकरा आई घरात नसल्यानं यातलं काहीही अडत नाही, फक्त तो वेळ वडिलांनी सांभाळायला हवा. नाश्ता, क्लासला सोडणं, आजीचं औषध. मिस्टरांना 'मला परवानगी द्या' असं म्हणू नका. 'रविवारी सकाळचं घर तुमच्याकडे' असं सांगा आणि त्यात काय काय येतं ते नीट सांगा. 'आधी दहा तरी होऊ देत' म्हणणारा माणूस वाईट नसतो. बहुतेक वेळा आपल्यावर काय येऊन पडणार आहे याचा त्याला अंदाज नसतो म्हणून तो लांबवत असतो.

तारखा मात्र मुलीच्या वर्षाकडे बघूनच घ्या. 200 नोव्हेंबरात, दिवाळीची गडबड टाळून. 300 डिसेंबरात. जानेवारीत पूर्वपरीक्षा असतात, तेव्हा 400 त्या आठवड्यात येत असेल तर सरळ सोडून द्या आणि दुसऱ्या क्लबची तारीख घ्या. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, जिथली जमेल तिथली. फेब्रुवारीपासून परीक्षा संपेपर्यंत मोठी राइड नाही, आठवड्यातले ते दोन तास मात्र सोडू नका, घरात ताण असतो तेव्हा ते तुमच्या कामाला येतील. एप्रिल-मेच्या उन्हात 600 च्या भानगडीत पडू नका. जून-जुलैत पावसाळी 200 किंवा 300 पुन्हा एकदा करा, म्हणजे पाय तयार राहतात. 600 सप्टेंबर-ऑक्टोबरात ठेवा. सीझन 31 ऑक्टोबरला संपतो, तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका, एक तारीख हाताशी राखून ठेवा.

सासूबाईंना हे सगळं सांगायची गरज नाही, पण लपवूही नका. चार तारखा आहेत, त्यातल्या दोन रात्री मी घरी नसेन, नातीच्या परीक्षेच्या काळात एकही नाही, इतकं सांगा. आणि हे सगळ्यात आधी मुलीला सांगा. कुठल्या तारखा तिला अडचणीच्या आहेत ते तिलाच विचारा, आणि ती म्हणेल त्या खरंच खोडा.